चार रविवार, दहा मुलं आणि भाताचं पातेलं

पुण्यात वडगाव बुद्रुकला एका सोसायटीच्या हॉलमध्ये लहान मुलांसाठी एक वर्ग चालतो. विषय एकच, अन्न कशानं बिघडतं आणि ते पोटात गेलं तर काय होतं. चार रविवार, सकाळी दहा ते साडेअकरा, वय पाच ते आठ, एका वेळी दहाच मुलं, फी बाराशे रुपये. शिकवणाऱ्या दोघी आहेत. एक कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, दुसऱ्या बालवाडीच्या बाई. पाटी नाही, जाहिरात नाही, एकीनं दुसरीला सांगायचं असा कारभार. नावं छापू नका असं दोघींनी सांगितलंय, म्हणून देत नाही. मुलं पहिल्यांना मावशी म्हणतात आणि दुसऱ्यांना बाई, तेच मी इथं वापरते. माझी लेक पहिलीत आहे, ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या वर्गाला गेली होती.

आता मी कोण ते सांगते, कारण माझं मत त्यातूनच आलंय. धायरीत माझा डब्यांचा व्यवसाय आहे. दुपारी साठ डबे, रात्री पंचेचाळीस, गिऱ्हाईक बहुतेक नऱ्हे-आंबेगावच्या कॉलेजांतली पोरं. पंधरा वर्षं झाली. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा चौदा आकडी नंबर दाराशी लावलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रोडवर जे झालं ते मी जवळून पाहिलंय. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले आणि संशयित धरून आकडा दोनशेच्या वर गेला. हातापायांतली ताकदच जाते असा तो आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू मिळाला. दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून हा पोटात जातो. त्या महिन्यात माझी अकरा गिऱ्हाइकं गावी निघून गेली. उरलेल्यांना मी प्यायचं पाणीसुद्धा उकळून, गाळून, बाटल्या भरून दिलं.

इतकं करूनही गेल्या पावसाळ्यात माझ्याच लेकीला विषबाधा झाली. जवळच्याच एका सोसायटीत वाढदिवस होता. जेवण कुठल्याशा केटररकडून पाच वाजताच येऊन पडलं होतं. खेळ, केक, फोटो, मग पाऊस, म्हणून मुलांना ताटं मिळाली साडेआठला. पुलाव मोठ्या डब्यात, झाकून ठेवलेला. रात्री साडेअकराला तिला उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत नऊ झाल्या. त्याच वाढदिवसाला गेलेली आणखी चार मुलं त्या रात्री आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, तपासणी केल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही, पण जेवणानंतर तीन तासांत नुसत्या उलट्या आणि ताप नाही, हे बघता भाताचा संशय येतो. त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतंस बाळ? लेक म्हणाली, फक्त केक. दोन दिवसांनी, बरी झाल्यावर, मला मिठी मारून तिनं सांगितलं की पुलाव दोनदा घेतला होता. बाहेर पाऊसपाण्याचं काही खायचं नाही असं मी बजावून पाठवलं होतं ना, म्हणून ती घाबरली होती.

ते ऐकल्यापासून मला झोप लागेना. भात मी रोज शिजवते, पंधरा वर्षं शिजवते. माझ्या लेकीला मी ‘बाहेरचं खाऊ नको’ एवढंच शिकवलं होतं. बाहेरचं म्हणजे काय, आतलं म्हणजे काय, कशानं काय होतं, यातलं काहीच नाही.

पहिला रविवार मला फारसा पटला नाही, तो लवकर सांगून टाकते. बाहुल्यांचा खेळ होता, त्यात हिरवा, दातवाला जंतू पोळीवर उडी मारतो. मुलं किंचाळली, खूश झाली. घरी आल्यावर लेकीनं दही खायला नकार दिला, त्यात जंतू असतात म्हणून. तिच्या वर्गातल्या एका मुलानं म्हणे आठवडाभर शाळेचा डबाच उघडला नाही. जंतू दिसत नाहीत हीच तर अडचण आहे, आणि पहिल्याच दिवशी त्यांना दात काढून दाखवले तर मूल आयुष्यभर दात शोधत बसतं. हे मी मावशींना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बॅचला दह्याचा दिवस आधी घेऊ असं म्हणाल्या. घेतील अशी आशा आहे.

त्याच दिवशी हात धुण्याचा प्रयोग झाला. तळहाताला तेल लावून त्यावर हळद, आधी नुसत्या पाण्यानं धुवायचं, मग साबणानं वीस सेकंद. कल्पना चांगली, पण हळद कातडीला धरते. साबणानं धुतल्यावरही हात पिवळेच राहिले आणि दोन मुलींचा समज झाला की साबणाचा उपयोग नाही. तिथं रांगोळी वापरायला हवी. मी घरी तेल आणि लाल रांगोळी घेऊन करून पाहिलं. नुसत्या पाण्यात ती नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या मुळाशी तशीच चिकटून राहते, साबण चोळला की पूर्ण निघते. अंगठा राहून जातो हे लेकीला तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. मिरपूड टाकलेल्या पाण्यात साबणाचं बोट बुडवायचं आणि मिरपूड पळाली की ‘जंतू घाबरले’ म्हणायचं, तो सगळीकडे दाखवतात तो खेळ मात्र यांनी मुद्दाम टाळला. ती पाण्याच्या पृष्ठभागाची करामत आहे, त्यात जंतूंचा काही संबंध नाही, असं मावशी म्हणाल्या. मुलांना खोटं कारण द्यायचं नाही हा त्यांचा आग्रह मला आवडला.

आणि एक चूक. वर्ग सुटताना सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की वाटली, ॲलर्जी कोणाला आहे का हे न विचारता. एका आईनं तिथल्या तिथं हटकलं. अन्नाची काळजी शिकवणाऱ्या वर्गात हे व्हायला नको होतं. पुढच्या रविवारपासून मात्र दारातच वही ठेवलेली होती.

दुसऱ्या रविवारपासून वर्ग खऱ्या अर्थानं सुरू झाला.

मुलांना आदल्या आठवड्यात गृहपाठ होता. घरातल्या आजीला किंवा आईला विचारून यायचं, बिघडलेल्या अन्नाला काय काय म्हणतात. फळा भरला. आंबलेला भात. विटलेलं वरण. नासलेलं दूध. तार सुटलेली भाजी. खवट शेंगदाणे. बुरसलेली भाकरी. सडलेला कांदा. उतरलेला आंबा. आमच्या लेकीनं सासूबाईंकडून ‘विटलेलं’ नेलं होतं आणि तिचा शब्द आधी कोणीच आणला नव्हता म्हणून ती दिवसभर आनंदात होती. बाईंनी एकेक शब्द घेऊन विचारलं, हे कळतं कसं? वासानं, रंगानं, हाताला लागून. आणि मग ‘आंबलेलं’ या शब्दापाशी थांबून त्यांनी शेजारी दुसरा शब्द लिहिला, ‘आंबवलेलं’. इडली, आंबोळी, दही. एक अन्न आपोआप बिघडलं, दुसरं आपण ठरवून, आपल्या ओळखीचं विरजण घालून केलं. त्या दिवशी मुलांनी स्वतःच्या हातानं दूध विरजलं आणि सटं घरी आणली. संध्याकाळी ते दही लेकीनं साखर घालून खाल्लं. हिरव्या बाहुलीची भीती तिथं गेली.

पण त्या दिवसाचा खरा गाभा पुढे होता. मावशींनी तीन काचेचे पेले मांडले, तिन्हींत स्वच्छ पाणी. एकात मीठ घातलंय, म्हणाल्या, कोणत्यात ते ओळखा. चाखायचं नाही. मुलांनी वास घेतला, उजेडाकडे धरून पाहिलं, पेल्याला बोट लावून पाहिलं. भांडणं झाली. शेवटी एक मुलगा वैतागून म्हणाला, “मावशी, तुम्हीच सांगा ना, कशात घातलं?” मावशी म्हणाल्या, “विचारलंस, म्हणून सांगते. मधल्यात.” एवढंच. मग त्यांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कधी केलं? कुठे ठेवलं होतं? कोणी कोणी हात लावला?

आमच्या सगळ्यांच्या घरी अन्नाची परीक्षा नाकानं होते. मी स्वतः हजारदा पातेल्याचं झाकण उचलून वास घेतला असेल आणि ‘चांगलंय’ म्हटलं असेल. नासलेलं, विटलेलं, तार सुटलेलं हे नाकाला कळतं आणि ते कळायलाच हवं. पण ज्या जिवाणूंनी माणूस आजारी पडतो ते कित्येकदा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. तो वाढदिवसाचा पुलाव सुगंधी होता. लेक मला म्हणालीच होती, आई, खूप छान होता. सहा वर्षांच्या मुलाला जिवाणूंची नावं शिकवून उपयोग नाही. ‘हे कधी केलं?’ एवढं विचारायची सवय लावता येते, आणि या वर्गानं ती लावली. बाराशे रुपये मी त्या एका प्रश्नासाठी दिले असं समजते.

तिसऱ्या रविवारसाठी मावशींचा मला फोन आला. “तुम्ही डबे करता ना? मग एक किलोचा भात शिजवून पातेल्यासकट घेऊन याल का? आणि एक परात.” पालकांना एरवी आत बसू देत नाहीत, मला त्या दिवशी भातामुळे जागा मिळाली.

टेबलावर अन्नाचा थर्मामीटर होता, टोकदार सळईचा. वापरण्याआधी तो खरं बोलतो का ते मुलांनी तपासलं. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवला, शून्य. उकळत्या पाण्यात धरला, अठ्ठ्याण्णव. एक मुलगी म्हणाली, आमच्या पुस्तकात शंभर आहे. मावशींनी सांगितलं, पुणं समुद्रापेक्षा साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून इथं पाणी थोडं आधीच उकळतं. मला हे पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग भात. एक तृतीयांश परातीत काढून पळीनं पसरला आणि पंख्याखाली ठेवला. उरलेला पातेल्यातच, झाकण घालून. दर दहा मिनिटांनी एका मुलानं जायचं, सळई मधोमध खुपसायची, आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं फळ्यावर लिहायचा. परातीतला भात दहा मिनिटांत बावन्नवर आला, अर्ध्या तासात एकतीसवर. पातेलं अर्ध्या तासानं शहाऐंशी, एका तासानं ऐंशी. मुलं पातेल्याच्या बाजूनं झाली, ते जिंकतंय म्हणून.

मधल्या वेळात चिंचोके निघाले. जमिनीवर खडूनं चौकोन आखले होते. पहिल्या चौकोनात एक चिंचोका, हा एक जिवाणू. चांगली ऊब, ओल आणि खाऊ मिळाला तर काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणून पुढच्या चौकोनात दोन, मग चार, मग आठ. आठला एक तास झाला. दोन तासांना चौसष्ट. इथपर्यंत मुलं बोटानं मोजत होती. तीन तासांच्या चौकोनाला पाचशे बारा चिंचोके लागले आणि पिशवी संपली. चार तासांना चार हजार शहाण्णव लागतील, मावशी म्हणाल्या, आणि सहा तासांना दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. माझ्या लेकीनं विचारलं, “मग ते चौकोनात मावतील?” कोणी उत्तर दिलं नाही, सगळी मुलं त्या पाचशे बाराच्या ढिगाकडे बघत होती.

त्यानंतर भाताचं खरं कारण आलं, आणि ते मावशींनी मुलांच्या भाषेत इतकं नीट सांगितलं की मीच पुढे सरकून ऐकू लागले. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू असतो. तो शिजवताना मरतो, पण त्याची टणक बी, म्हणजे बीजाणू, उकळत्या पाण्यातही टिकते. भात कोमट व्हायला लागला की ती बी रुजते. वाढता वाढता भातात विष सोडते. उलट्या होतात त्या या विषानं, आणि ते विष पुन्हा उकळून, पुन्हा फोडणी देऊनही जात नाही. ५ ते ६० अंश हा जिवाणूंचा आवडता पट्टा. त्याच्या वर ठेवा किंवा खाली ठेवा, मध्ये दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. कडक उन्हाळ्यात तर एकच तास धरा.

वर्ग सुटताना मावशींनी मला बाजूला घेतलं. “हे पातेलं आजचा दिवस असंच राहू द्या आणि आकडे बघत राहा.” मी घरी आणलं. दुपारी दीडला एकसष्ट. साडेचारला चव्वेचाळीस. तेव्हा मी झाकण काढून भाताला हात लावला. हाताला तो गरमच लागला. तोंडाला किंचित वाफसुद्धा आली. एरवी मी सहज म्हटलं असतं, गरम आहे, वाढा. दीडपासून साडेचारपर्यंत तीन तास तो त्याच पट्ट्यात बसून होता, आणि पातेलं खोल असल्यामुळे रात्रीपर्यंत तिथंच राहिला असता. ‘झाकून ठेवलंय, गरम आहे’ हे मी किती गिऱ्हाइकांना सांगितलंय. तो वाढदिवसाचा मोठा डबा माझ्या डोळ्यांपुढे आला, साडेतीन तास झाकलेला.

त्या पातेल्यातला भात मी सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकला. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. परातीतला भात मात्र मी वर्गातून आल्या आल्या झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोडणीचा भात केला, वाफ येईपर्यंत सगळा परतून, आणि सासूबाईंना आधी वाढला. त्या म्हणतात, आम्ही आयुष्यभर शिळं खाल्लं, काही झालं नाही. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांच्या वेळी रात्रीचा भात माणशी मोजून टाकायचा, उरायचा तो मूठभर, आणि तो पसरट ताटलीत गार होऊन जायचा. एक किलोचं पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. लेकीनं वर्गात हाच प्रश्न विचारला होता, अन्न टाकायचं नसतं ना? बाई म्हणाल्या, नसतं, म्हणून लागेल तेवढंच शिजवायचं आणि उरलेलं लगेच पसरून गार करून फ्रिजमध्ये. हे उत्तर आमच्या दोन्ही पिढ्यांना चाललं.

चौथा रविवार पोट बिघडल्यावर काय करायचं त्याचा. यातला एक भाग माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा होता, म्हणून तो आधी. बाईंनी मुलांना आळीपाळीनं आजारी पाडलं आणि त्यांच्याकडून एकच वाक्य म्हणवून घेतलं. “माझं पोट दुखतंय, मी अमुक खाल्लं, अमुक वाजता खाल्लं.” ऐकणाऱ्या मुलानं, जो आई किंवा शिक्षक झालाय, रागवायचं नाही, “बरं झालं सांगितलंस” म्हणायचं. नंतर पालकांना आत बोलावून आमच्याकडूनही ते तीन शब्द म्हणवून घेतले. माझ्या पाळीला लेक समोर होती. तिनं मोठ्यानं सांगितलं, “मी पुलाव खाल्ला, दोनदा, साडेआठला.” मला “बरं झालं सांगितलंस” म्हणायला वेळ लागला.

ओआरएसचं, म्हणजे उलट्या-जुलाबात पाजायच्या साखर-मिठाच्या पाण्याचं, प्रात्यक्षिकही नेमकं होतं. मोठं पाकीट एक लिटरचं असेल तर सगळं पाकीट एक लिटर पाण्यात, पेल्यात चिमूटभर टाकायचं नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पाजायचं घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, पाणीही पोटात ठरत नाही, यातलं काहीही दिसलं की घरी थांबायचं नाही. हे आम्हा पालकांना छापील कागदावर दिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. तो माझ्या फ्रिजच्या दारावर आहे.

पाण्याला मात्र त्यांनी जेमतेम दहा मिनिटं दिली, ती मला फार अपुरी वाटली. वर्ग सिंहगड रोडवर भरतो. येणारी निम्मी मुलं धायरी, नांदेड सिटी, खडकवासल्याकडची आहेत. त्या जानेवारीत घरोघरी भीती होती आणि मुलांनी ती पाहिलीय. उकळलेलं पाणी पुन्हा कशानं दूषित होतं, माठात पेला बुडवायचा की ओगराळं, शाळेच्या टाकीचं पाणी प्यायचं का, रस्त्यावरचा बर्फाचा गोळा कोणत्या बर्फाचा, यावर एक अख्खा रविवार हवा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, एवढं सांगितलं असतं तरी मुलांनी पुढे प्रत्येक गाडीवर डोळे उघडे ठेवले असते. मी त्यांना पाचवा रविवार सुचवलाय, फी वाढली तरी चालेल.

कोंबडीवरून माझं आणि मावशींचं एकमत व्हायला वेळ लागला. बुधवारी आणि रविवारी माझ्याकडे चिकनचे डबे असतात. चिकन नळाखाली तीन पाण्यांनी धुवायचं, हळद लावायची, ही माझी पद्धत. मावशी म्हणाल्या, धुऊन त्यातले जिवाणू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. ते मरतात ते शिजवण्यानं, आतपर्यंत सत्तर अंशांच्या वर गेल्यावर. मला पटेना. मग त्यांनी मला सिंकभोवती वर्तमानपत्राचा कागद अंथरून, पाण्यात लाल रंग घालून एक वांगं धुवायला लावलं. शिंतोडे दोन हात लांब होते. आता मी कोंबडी पातेल्यात, नळ न सोडता, हलक्या हातानं निपटते, सिंक लगेच साबणानं घासते, आणि सॅलडची सुरी-पाट वेगळा ठेवलाय. हे मुलांच्या वर्गात नव्हतं, पण ज्या आया स्वयंपाक करतात त्यांनी मावशींना थांबवून विचारावं, त्या वेळ देतात.

घरी फरक काय पडला ते सांगते. लेकीची शाळा सकाळची, डबा सातला भरते, छोटी सुट्टी सव्वादहाला. सव्वातीन तास. थर्मामीटर मी चारशे रुपयांना आणला आणि आम्ही दोघींनी तिचा स्टीलचा गरम राहणारा डबा तपासला. नुसता भरला तर सव्वादहाला चोपन्न. आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवलं, ते ओतून दिलं आणि मग कढत खिचडी भरली, तर चौसष्ट. दहा अंशांचा फरक फक्त त्या पाण्यानं पडतो. हे मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या आयांनाही कळवलं. इतर दिवशी कोरडं देते, पोळीची गुंडाळी, धपाटे, लाडू, शेंगदाण्याची चटणी. उकडलेला बटाटा, पनीर, भात हे साध्या डब्यात सकाळी देणं बंद केलं. धंद्यातही दुपारचा भात मी आता दोन खेपांत लावते, अकराला आणि सव्वाबाराला. गॅस थोडा जास्त जातो.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या ताईंचा मुलगा सात वर्षांचा आहे. बाराशे रुपये त्यांना परवडणारे नाहीत. मी मावशींना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, पाठवा, फी नको. पण रविवारी सकाळी ताई दुसऱ्या घरी कामाला असतात, त्याला धायरीहून वडगावला नेणार कोण? दहा मुलांची मर्यादा मला पटते, त्यामुळेच प्रत्येकाच्या हातात थर्मामीटर आला. तरी हा वर्ग एखाद्या महापालिका शाळेत, अंगणवाडीत जायला हवा, असं मी दोघींना कळवळून सांगितलंय. तोवर आम्ही आमच्यापुरता मार्ग काढला. दुपारी डबे गेल्यावर तो मुलगा आणि माझी लेक माझ्या स्वयंपाकघरात बसतात. चिंचोके मंडईतून दोन किलो आणलेत. तीन पेल्यांचा खेळ लेक त्याला शिकवते, आणि तो विचारेपर्यंत मीठ कशात आहे ते सांगत नाही.

पुढची बॅच फेब्रुवारीत आहे. मुलाला जुने कपडे घाला, हळदीचे डाग जात नाहीत. सोबत हात पुसायला स्वतःचा टॉवेल द्या. हॉलमधलं बेसिन उंच आहे, पाच वर्षांच्या मुलाला चढायला स्टूल लागतं आणि तिथं एकच आहे, जमलं तर घरून न्या. ॲलर्जी असेल तर वहीत लिहा आणि तोंडानेही सांगा.

माझ्या ओट्याच्या वर पूर्वी गिऱ्हाइकांच्या हिशोबाचा छोटा फळा होता. तो आता मुलांच्या ताब्यात आहे. खालच्या कडेला खिळ्यावर थर्मामीटर लटकतो. आज दुपारी त्यावर लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘भात ११:०५, वरण ११:२०, भाजी ११:४०’, आणि खाली ताईंच्या मुलाच्या अक्षरात, ‘भात दुसरा १२:१५, हात धुतले’.